अंधाऱ्या पाखातला पाट

मु. पाटणबोरी, तालुका केळापूर
२२ जानेवारी १९६१

चि. सौ. इंदू हिस,
चंदाबाईचे आशीर्वाद.

पत्र तू वाचणार नाहीस, तुझे दादा वाचून दाखवतील. म्हणून दादांनाच आधी सांगते : लिहिलंय तेवढंच वाचा, पदरचं मीठमसाला घालू नका. आणि मी जिथं रागावले आहे तिथं रागावूनच वाचा.

संक्रांतीच्या वाणाला गावच्या बायका ओट्यावर बसलेल्या, आणि तू पाचाला टेकलेल्या गोविंदाला कडेवर घेऊन मागच्या दारानं सडकेवर. हळदीकुंकवाची कोयरी माझ्या हातात तशीच राहिली. लोकांना मी सांगितलं की मुकुटबनहून निरोप आला, आईला बरं नाही. तुझी आई मला माफ करो.

तू का गेलीस ते तुझ्या दादांना कदाचित तू वेगळंच सांगितलं असशील. म्हणून मी पहिल्यापासून सांगते. मला मूल झालं नाही. नवऱ्यासाठी दुसरी बायको मीच शोधली, बाजारात तुला तुझ्या आईबरोबर मिरच्या निवडताना पाहून. तू विधवा, मग तुझा पाटच लागायचा, आणि पाट उजेड्या पाखात लागत नाही. म्हणून पुनव जाऊ दिली, अंधारं पाख येऊ दिलं. सवाष्णीनं पाट पाहू नये म्हणून मी त्या रात्री कोठ्यात बैलांजवळ बसले होते. आपण जुन्या चालीनं सगळं नीट केलं. पण आपण पुनव जायची वाट पाहत होतो पंचावन्न सालच्या त्याच महिन्यात दिल्लीचा कायदा लागू झाला होता, की पहिली बायको जिवंत असता दुसरी करता येणार नाही. आपल्या गावात हे कोणाला ठाऊक होतं? कोतवालानं दवंडी तर दिली नाही.

दिवाळीत घरचे पांढरकवड्याला सदाशिवराव वकिलांकडे गेले, आपल्यामागं गोविंदाला वावर मिळण्याची सोय करावी म्हणून, तेव्हा हे कळलं. वकील म्हणाले, उजेड्या पाखात, कायदा लागू होण्याआधी लावला असता, तर पाट कायद्यात बसला असता. आता कायद्यानं इंदू बायको नाही आणि गोविंदा वारस नाही. वावर आधी माझ्याकडे येईल आणि माझ्या मागं पुतण्याकडे, रामरावाकडे. तो भिंतीपलीकडं राहतो आणि आपल्या घरात शिंकलं तरी त्याला ऐकू जातं.

मृत्युपत्र करायला हे तयार नाहीत. मामंजींनी केलं होतं ना, साध्या कागदावर. ते खरं की खोटं हे ठरवायला दोघे भाऊ यवतमाळच्या कोर्टात म्हातारे झाले, साक्षीदार फिरले, आणि शेवटी अर्धं वावर वकिलांच्या घरी गेलं. तेव्हापासून मृत्युपत्र म्हटलं की हे पायात जोडे घालून बाहेर जातात.

मग वकिलांनीच तोड सांगितली. पोराला दत्तक घ्या. आईनं चार लोकांदेखत आपल्या हातानं लेकरू यांच्या मांडीवर आणि माझ्या ओटीत द्यायचं, कागद नोंदवायचा, की रामराव काय, त्याचा आजाही कोर्टात टिकणार नाही. एवढं साधं होतं. आणि तू चुलीपुढून उठून काय म्हणालीस ते मी विसरले नाही.

"मी जित्ती हाओ ना, बाई? जित्त्या मायचं लेकरू तिच्याच घरात दत्तक कायले जाते?"

अगं, कागदावर जाते. घरात ते तुझ्याच ताटात जेवणार आहे. रुसवा पुरे झाला. लेकराचं गरम कुडतं इथंच राहिलंय, थंडी आहे.

तुझी,
थोरली बाई

१० मार्च १९६१

चि. सौ. इंदू हिस,
आशीर्वाद.

'सौ.' लिहिताना हात थोडा अडखळतो. वकिलाला विचारलं तर तो म्हणेल, लिहू नका. मी लिहिणार.

उत्तर नाही. न येईना का. पाडव्याला दत्तकाचा दिवस धरला आहे. ब्राह्मण सांगितला, पाटील आणि सरपंच साक्षीला येतील, वकील स्वतः येणार. तू आदल्या दिवशी ये. दमणी पाठवते, नेमसिंग बैल हाकील. तांड्यातला माणूस आहे, पण आपल्या दादांपेक्षा कमी बोलतो.

तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं. तू म्हणशील की बाईला वावराचं निमित्त करून माझं लेकरू पळवायचंय. मी विचारते, गोविंदाला न्हाऊ कोण घालत होतं? गोवर आला तेव्हा कडुनिंबाच्या पाल्यावर त्याला घेऊन कोण बसलं? तो 'मोठमाय' आधी बोलला आणि 'माय' मागून, हे तुझ्यासमोर घडलंय. मी काही नवीन मागत नाही.

दुसरी वाट नाही का, असं तुझ्या दादांनी बाजारात नेमसिंगजवळ विचारलं म्हणे. आहे. बक्षीसपत्र करून वावर आत्ताच तुझ्या हवाली करता येतं. ते घरच्यांना नको, आणि मलाही नको, उगाच गोड बोलत नाही. तू तरणी आहेस. एक घर मोडलं, दुसरं केलंस. उद्या हे गेल्यावर तिसरं केलंस तर आपलं काळं वावर, विहिरीजवळचा आंबा, सगळं त्या तिसऱ्या घरी जाईल. वाईट वाटून घेऊ नकोस. लोक पाठीमागं बोलतात ते मी तोंडावर बोलते.

पाडव्याला पुरणाचा घाट आहे. पुरण तुझ्या हातचंच यांना आवडतं, माझं मेलं नेहमी सैल होतं.

तुझी,
थोरली बाई

२५ मार्च १९६१

इंदू,

नेमसिंग रिकामी दमणी घेऊन आला. त्याला विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, काही नाही, बैलांना पेंड घातली आणि मला भाकर वाढली. तुझा हा असला चांगुलपणा मला सहन होत नाही. शिव्या दिल्या असत्यास तर मलाही चार देता आल्या असत्या.

पाडव्याच्या सकाळी अंगणात चौरंग मांडलेला, लोक बसलेले. घरचे कोऱ्या धोतरात पूर्वेला तोंड करून बसले, मांडीवर देण्यासाठी लेकरू नाही. ऊन चौरंगावर आलं तरी उठेनात. शेवटी सरपंच म्हणाले, चला, जेवून घेऊ. रामरावानं पंगतीत मागून मागून पुरण खाल्लं आणि जाताना मला ऐकू येईल असं बायकोला म्हणाला की सुंठीवाचून खोकला गेला.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, हे लहानपणी शाळेत पाटीवर लिहिलं होतं मी. तू शाळेत गेली नाहीस, तुझा दोष नाही.

इंदू, मला भीती वाटते. यांच्या छातीत कळ येते, सांगत नाहीत. आज जर काही झालं तर तुला या घरात कायद्यानं उंबऱ्यावरही बसता येणार नाही. माझ्या हाताखाली तू राहशील, पण मी काय अमरपट्टा घेऊन आले आहे? माझ्यामागं रामराव तुला हात धरून बाहेर काढील आणि गोविंदा त्याच्या ढोरांमागं फिरेल. तुझ्या हट्टापायी हे होणार आहे. ये गं. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलंय मी.

थोरली बाई

३० मे १९६१

इंदू हिस,

तुला कळलं असेलच. सोमवारी सकाळी हे गेले.

तुझ्याकडून परत आले तेव्हाच अंग तव्यासारखं तापलेलं होतं. मी नको म्हणत होते. वैशाखाचं ऊन, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसानं मुकुटबनपर्यंत दमणीत बसून जायचं. पण म्हणाले, लेकरू पाहून येतो. कांदा चोळला, कैरीचं पन्हं दिलं, पांढरकवड्याहून डॉक्टर आणला. लागलेलं ऊन उतरलं नाही.

तुझ्याकडं काय बोलणं झालं ते मला पूर्ण कळलं नाही. आल्यावर एवढं म्हणाले की दत्तक राहू दे, आपण वकिलाकडं जाऊ, इंदूच्या हाती बक्षीसपत्र देऊन टाकू. उद्याच जाऊ, म्हणाले. मी म्हटलं, ताप उतरू द्या, मग जाऊ. तापलेल्या माणसाला कचेरीत कोण नेतं? कोणीही असंच म्हटलं असतं.

आणखी एक बोलले. ते लिहावं की नाही, कालपासून विचार करते आहे. लिहिते. म्हणाले, "चंदे, तुले वावराची फिकर नाई. तुले लेकरू पाह्यजे." मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, नाहीतर मी विचारलं असतं, की मग तुम्हाला काय पाहिजे होतं?

अग्नी रामरावानं दिला. तुझ्याकडं निरोप धाडायला त्या सकाळी माणूस मोकळा नव्हता. नेमसिंग लाकडं आणायला गेला होता. रामरावाचं म्हणणं, उन्हाळ्याचं मढं, ठेवता येत नाही. ते खरंच होतं.

बांगड्या माझ्या फोडल्या. तू तुझ्या तिथं काढल्यास की ठेवल्यास, कोणास ठाऊक. पाटाची असलीस तरी नवरा तुझाही होता. कायद्यानं विधवा मी एकटीच.

चंदाबाई

१२ ऑक्टोबर १९६१

चि. इंदू हिस,
आशीर्वाद.

पटवाऱ्याच्या दप्तरात माझं नाव चढलं. वावर, विहीर, घर, कोठा, सगळं माझं. आयुष्यभर यांच्या परवानगीशिवाय मी ज्वारीचं पोतं विकलं नाही, आणि आता मी मालकीण. कोर्ट नाही, कचेरी नाही, भांडण नाही. एका मरणात काम झालं.

रामराव एवढा चांगला माणूस आहे हे मला माहीतच नव्हतं. सकाळी येऊन विचारतो, काकू, चहा झाला काय? त्याची बायको माझे पाय दाबते. मला खोकला धरलाय, रात्रभर झोप नाही, तर ती अडुळशाचा काढा करून आणते. वर त्याचा धाकटा पोरगा माझ्या अंगणात सोडून जाते, म्हणते याला काकूंचा लळा लागलाय. पोरगं बिचारं माझ्याकडं पाहून भोकाड पसरतं. एके दिवशी रामरावानं काढलंच, की काकू, विधवा बाईलाही दत्तक घेता येतं, कायदा झालाय. बघ, या कायद्यानं कोणाकोणाला शहाणं केलं ते.

मी गप्प राहिले. गप्प राहण्याचा अर्थ त्यानं होय असा घेतला. आता त्याची बायको आंब्याखाली उभी राहून लोकांना सांगते की औंदा आमच्या आंब्याला मोहोर चांगला येईल. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

परवा मी विचारलं, आणि गोविंदाचं काय? तो हसला.

"त्याचं काय, काकू? अंधारातलं लेकरू थे. त्याले बापाचं नाव सांगायले कागद लागन, अन् कागद तं नाई."

त्या रात्री काढा घेतला नाही. कोठ्यात ज्या जागी मी पाटाच्या रात्री बसले होते तिथं जाऊन बसले. त्या रात्री मी रडले होते, तुला कधी सांगितलं नाही. नवरा वाटला गेला म्हणून रडले, आणि घरात पाळणा हलेल म्हणून हसतही होते. बैलांनी पाहिलं तेवढंच. गोविंदा अंधारातला असेल तर तो अंधार मी जागून काढलेला आहे. रामराव कोण त्याला नाव ठेवणारा?

गोविंदाला किती दात पडले? शाळेत घातलं का? दादांनी दोन ओळी लिहिल्या तर त्यांची बोटं झिजणार नाहीत.

चंदाबाई

४ फेब्रुवारी १९६२

चि. इंदू हिस,
आशीर्वाद.

हे पत्र टपालानं नाही, नेमसिंगच्या हाती देत आहे. दादांनी हे हळू वाचावं आणि वाचून चुलीत घालावं.

मी वकिलांकडं जाऊन आले. रामरावाला सांगितलं, खोकल्याचं औषध आणायला जाते. डॉक्टरलाही दाखवलं, म्हणजे अगदीच खोटं नाही. तो माझ्याशी बोलायचं सोडून नेमसिंगशीच बोलत राहिला, त्यावरून काय ते समजले.

वकिलांना म्हटलं, आता मृत्युपत्र नको, माझ्यामागं कोणी साक्षीपुरावे करत बसायला नको. मी डोळ्यांनी पाहीन असं करा. ते म्हणाले, मग बक्षीसपत्र. वावर, विहीर, घर सगळं गोविंदाच्या नावानं. पोर लहान, म्हणून पालकानं त्याच्या वतीनं स्वीकारायचं. मी विचारलं, पालक कोण, रामराव मधे येईल काय? तेव्हा वकील म्हणाले, "नाही येऊ शकत. तिचा पाट कायद्यानं धरला असता तर बापाकडच्यांना थोडं बोलायला जागा होती. धरला नाही, म्हणून अशा मुलाची पालक त्याची आई. फक्त आई."

दत्तकाच्या वेळी तू चुलीपुढं उभी राहून हेच म्हणत होतीस. तुला वकील लागला नाही.

पांढरकवड्याला रजिस्ट्रार कचेरीत येत्या बुधवारी ये. गोविंदाला आण. तू तिसरं घर करशील की नाही ते मी आता विचारत नाही. दत्तक नाही, मांडी नाही, ओटी नाही. तुझं लेकरू तुझ्याच कडेवर राहील. ये, एवढंच. माझ्याकडं पुढच्या पाडव्यापर्यंत थांबायला दम नाही, आणि थांबून आपलं काय होतं ते आपण दोनदा पाहिलंय.

चंदाबाई

२५ फेब्रुवारी १९६२

इंदू हिस,

तू आलीस. कचेरीच्या पडवीत तू खाली मान घालून बसलीस, मीही बसले. मधे दादा. इतक्या महिन्यांनी भेटलो. मी बोलले ती खोकल्यानंच. तुझ्या हातात बांगड्या नव्हत्या. म्हणजे तूही काढल्या होत्यास. मला ते पाहून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

आत काय झालं ते तुला दारातून ऐकू आलं असेल, पण मला लिहायचं आहे. ऐकणं वेगळं आणि लिहून ठेवणं वेगळं.

कारकुनानं कागद मोठ्यानं वाचला. वाचता वाचता थांबला आणि वकिलांना म्हणाला, देणारीचं घेणाऱ्याशी नातं लिहायचं राहिलं. वकिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, लिहा, मुलगा. ते हळूच म्हणाले, दत्तक झालं नाही बाई, मुलगा लिहिता येत नाही. खोटं लिहिलं तर रामराव त्याच शब्दाला धरून कागद फाडून काढील. मी म्हटलं, मग सवतीचा मुलगा लिहा. ते म्हणाले, सवत म्हटलं की पाट आला, आणि पाट कायद्यात नाही. मग काय लिहायचं? ते म्हणाले, प्रेमापोटी देते असं लिहू, आणि नातं नाही असं लिहू. म्हणजे कागद पक्का.

कारकून चांगला माणूस होता, त्याला वाटलं पोराला विचारावं. त्यानं गोविंदाला टेबलापाशी बोलावलं. उंच झालाय. पुढचे दोन दात नाहीत. कपाळ यांचंच. माझं कपाळ मोकळं, हात मोकळे, अंगावर पांढरं, खोकून खोकून चेहरा असा झालेला. कारकून त्याला म्हणाला, हे कोण आहेत, ओळखतोस काय?

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. माझ्या पदराच्या गाठीत गुळाचा खडा होता, तो मी काढून हातात धरला होता. मग तो तुझ्याकडं वळून म्हणाला, "माय, हे कोणाची बाई व्हय?"

तू काही बोलणार होतीस. तुझे ओठ हलले, मी पाहिलं. मीच आधी बोलले. कारकुनाला म्हटलं, लिहा साहेब. नातं नाही. लेकरू खोटं बोलत नाही.

त्यानं लिहिलं. मी खाली सही केली, चौथीपर्यंत शिकल्याचा एवढा उपयोग झाला. तू अंगठा दिलास. गूळ टेबलावरच राहिला, तो त्यानं घेतला की नाही ते मी पाहिलं नाही.

आता कामाचं. रामरावाला दुसऱ्याच दिवशी कळलं. अडुळशाचा काढा बंद झाला, भिंतीवरून शिव्या चालू झाल्या. कोर्टात जाईन म्हणतो. वकील म्हणतात, जाऊ द्या, कपाळ फुटेल त्याचंच. तू पेरणीआधी येऊन ताबा घे, कागद दादांजवळ ठेवू नकोस, स्वतःजवळ ठेव. विहिरीचा दोर नवा घेतला आहे. आंब्याखालची जमीन पऱ्हाटीला देऊ नकोस, तिथं तूर चांगली येते. पांढरा बैल डाव्या बाजूलाच जुंपायचा, उजवीकडं तो बसतो. घराची किल्ली नेमसिंगजवळ असेल, कारण तोवर मी असेन असं डॉक्टरला वाटत नाही.

माझ्या अग्नीचं काय ते तुम्ही ठरवा. रामराव देणार नाही आता. गोविंदाकडून देववलास तर लोक विचारतील, ही तुझी कोण? मागं ते गरम कुडतं ठेवलंय, ते त्याला लहान होईल, तरी घेऊन जा.

याच्या खाली मी नेहमी काहीतरी नातं लिहून सही करत असे. आता कागद पक्का आहे, तो बिघडवत नाही.

चंदाबाई पुंडलिकराव